सोसस (समुद्रतळावरील ध्वनिटेहळणी)
शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी अमेरिकी नौदलाने उभारलेली यंत्रणा. समुद्रतळावर हायड्रोफोनच्या, म्हणजे पाण्यातला आवाज टिपणाऱ्या उपकरणांच्या, रांगा बसवून त्या केबलने किनाऱ्यावरच्या केंद्रांशी जोडल्या होत्या.

प्रकाश आणि रेडिओलहरी समुद्राच्या पाण्यात लवकर विरतात. ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने दूरवर जातो. खोलीबरोबर पाणी थंड होते तसा हा वेग घटतो, आणखी खाली दाबामुळे तो पुन्हा वाढतो. मधल्या मंद वेगाच्या थरात अडकलेला ध्वनी पृष्ठभागावर किंवा तळावर न आदळता पुढे सरकतो. म्हणूनच कमी कंप्रतेचे, म्हणजे खर्जातले, आवाज हजारो किलोमीटरवर ऐकू येतात. मॉरिस युइंग आणि लामार वर्झेल यांनी १९४४ मध्ये हा थर दाखवून दिला. सोव्हिएत शास्त्रज्ञ लिओनिद ब्रेखोव्हस्कीख यांनीही तो स्वतंत्रपणे शोधला होता, म्हणजे मूळ विज्ञान दोन्ही बाजूंना ठाऊक होते.

बेल प्रयोगशाळेच्या मदतीने बहामातील एल्युथेरा बेटाजवळ ४० हायड्रोफोनची पहिली रांग १९५२ मध्ये बसवली गेली. पुढे हे जाळे अटलांटिक आणि पॅसिफिकमध्ये पसरले.

खरे कौशल्य होते ते आवाज ओळखण्याचे. केंद्रातले कर्मचारी आवाज ऐकण्यापेक्षा पाहत जास्त: यंत्र कागदावर कंप्रतेच्या रेषा उमटवी आणि इंजिन व प्रोपेलरच्या रेषांवरून पाणबुडीचा प्रकार ओळखला जाई. दोन-तीन रांगांनी दाखवलेल्या दिशा जिथे छेदत, तो परिसर कळे. नेमकी जागा शोधायला विमाने पाठवावी लागत. जाळ्याची ही मर्यादा अनेकदा दुर्लक्षिली जाते. १९६३ मध्ये बुडालेल्या ‘थ्रेशर’ या अमेरिकी पाणबुडीचा अखेरचा आवाजही या जाळ्याने टिपला होता.

अमेरिकी नौदलातला जॉन वॉकर १९६० च्या दशकापासून सोव्हिएत संघाला गुपिते विकत होता. तो १९८५ मध्ये पकडला गेला. आपल्या पाणबुड्या किती दुरून ऐकू येतात हे सोव्हिएतांना त्याच्यामुळे उमगले, असे मानले जाते. त्यांच्या नव्या पाणबुड्या बऱ्याच शांत झाल्या आणि स्थिर रांगांची पकड सैल पडली.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला गोपनीयता शिथिल झाल्यावर शास्त्रज्ञांना हे जाळे वापरता आले. कॉर्नेल विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर क्लार्क यांनी एका निळ्या देवमाशाचा ४३ दिवस माग काढला. ५२ हर्ट्झच्या आसपास साद घालणाऱ्या एका अनोख्या देवमाशाच्या वर्षानुवर्षांच्या नोंदीही याच हायड्रोफोनमुळे मिळाल्या.