वरच्या मजल्याचा न्यूट्रल

स्मार्ट मीटरच्या बातम्या येऊ लागल्यापासून मराठवाड्यात कुठल्याही कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येते: नवे मीटर पळते. परभणीला आमच्या घरी मात्र मीटर स्मार्ट नव्हते, काही वर्षांपूर्वी बसवलेले साधे इलेक्ट्रॉनिक मीटर होते, तरीही मागच्या उन्हाळ्यात वडिलांच्या नावावरचे बिल एप्रिलमधल्या 126 युनिटांवरून मे महिन्यात 297 युनिटांवर गेले. कूलर दोन्ही महिन्यांत सारखाच चालला होता आणि एक इन्व्हर्टर सोडला तर घरात एकही नवे उपकरण आलेले नव्हते.

बिल अचानक वाढण्याची नेहमीची कारणे आधी सांगून टाकतो. दोनशे वॅटचा कूलर रोज बारा तास चालला तर महिन्याला 72 युनिट खातो. एरवी 90 युनिट वापरणारे घर त्यामुळे 162 वर जाते, आणि शंभराच्या पुढच्या 62 युनिटांना दुसऱ्या टप्प्याचा दर लागतो, जो अलीकडच्या दरपत्रकांत पहिल्या टप्प्याच्या साधारण दुप्पट आहे. वरून घरगुती वापरावरचे 16 टक्के वीज शुल्क त्याच प्रमाणात वाढते. बाहेर 42 अंश तापमान असताना फ्रिजचा कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. दार बंद असल्यामुळे दोन महिने सरासरी बिल येऊन तिसऱ्या महिन्यात खरे रीडिंग घेतले गेले, तरी आकडा फुगलेला दिसतो. ही सगळी कारणे बिलावरचे मागील आणि चालू रीडिंग नीट पाहिले की सापडतात. आमचे रीडिंग बरोबर होते. म्हणजे मीटरने 171 युनिट जास्तीचे खरोखरच मोजले होते.

आता मीटर नेमके काय मोजते ते पाहू. जुन्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरत असे. या प्रकारच्या मीटरचे पेटंट हंगेरीच्या ओट्टो ब्लाथी या अभियंत्याने 1889 मध्ये घेतले. दोन गुंडाळ्यांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे चकतीत भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि चकती वापरलेल्या शक्तीच्या प्रमाणात फिरते. यातली विद्युतप्रवाहाची गुंडाळी साधारणपणे फक्त फेजच्या तारेत असे, न्यूट्रलच्या तारेत काय चालले आहे याच्याशी चकतीला देणेघेणे नव्हते. शाळेत शिकलेल्या किरखॉफच्या 1845 सालच्या नियमानुसार त्यात चूकही नव्हती, कारण फेजने जेवढा प्रवाह घरात जातो तेवढाच न्यूट्रलने परत येतो, मग एकच तार मोजली तरी पुरे.

चोरांनी याच गृहीतकाचा फायदा घेतला. तारांची अदलाबदल करून प्रवाहाची परतीची वाट जमिनीतून काढली की मोजणाऱ्या गुंडाळीतून प्रवाह जातच नाही आणि चकती स्थिर राहते. म्हणून आपल्याकडच्या सिंगल फेज इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये दोन्ही तारांवर पहारा असतो: बहुधा एका तारेत शंट, म्हणजे अगदी कमी रोधाची धातूची पट्टी, आणि दुसरीभोवती छोटा करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे तारेतला प्रवाह मोजणारे वेटोळे. दोन्ही प्रवाह सारखे असले तर प्रश्नच नाही. त्यांच्यात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला तर मीटर दोन्हींपैकी मोठा प्रवाह हिशोबात धरते आणि पुढच्या बाजूचा ‘ई/एल’ किंवा ‘अर्थ’ असे लिहिलेला छोटा दिवा किंवा पडद्यावरची खूण पेटते. चोरीच्या विरोधात ही युक्ती नामी आहे. परंतु न्यूट्रलमधला जास्तीचा प्रवाह घरमालकाचा नसून दुसऱ्याच कुणाचा असू शकतो, ही शक्यता मीटरला ओळखता येत नाही.

आमच्याकडे तेच घडले होते. खाली आईवडील राहतात, वर भाडेकरू. मीटर दोन, खांब एक. मे महिन्याच्या सुरुवातीला वर एसी बसला आणि त्याच वेळी दोन्ही मजल्यांना मिळून एक इन्व्हर्टर घेतला गेला. वायरमनने जोडणी करताना दोन्ही घरांच्या न्यूट्रलच्या तारा एका ठिकाणी पिळून त्यावर काळी टेप गुंडाळली. दिवे लागले, पंखे फिरले, कुणाची काही तक्रार नव्हती.

तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावला तेव्हाचे आकडे सोप्या अंकांत मांडतो. खालच्या घराचा फेज प्रवाह 1 अँपिअर, वरच्या घराचा 6 अँपिअर. असे एकूण 7 अँपिअर खांबाकडे परत जायला हवेत आणि त्यांना आता दोन वाटा मोकळ्या आहेत. दोन्ही तारा जवळजवळ सारख्याच लांबी-जाडीच्या असल्यामुळे त्यांचा रोध सारखा, म्हणून प्रवाह अर्धा-अर्धा वाटला जातो: प्रत्येक न्यूट्रलमधून साडेतीन अँपिअर. खालच्या मीटरला फेजमध्ये 1 आणि न्यूट्रलमध्ये 3.5 दिसतात, म्हणून ते 3.5 धरते. वरच्या मीटरला फेजमध्ये 6 आणि न्यूट्रलमध्ये 3.5 दिसतात, म्हणून ते 6 धरते. दोन्ही मीटरांची बेरीज 9.5 अँपिअर होते, प्रत्यक्षात वापरले गेले 7. चोरी कुणीच केलेली नाही आणि वरच्या भाडेकरूचे बिल एका पैशानेही कमी झालेले नाही, त्याचा 2.5 अँपिअर प्रवाह आमच्याकडे दुसऱ्यांदा मोजला जात होता, एवढेच. 230 व्होल्टने गुणले की 575 वॅट येतात. एसी दिवसाला साधारण दहा तास चालत होता, म्हणजे तीस दिवसांत 172 युनिट. बिलातली वाढ 171 होती. सरासरी काढून केलेला हिशोब इतका जवळ यावा यात थोडा योगायोग आहे हे मान्य करतो, कारण कॉम्प्रेसर सतत एकसारखा प्रवाह घेत नाही.

यातूनच ‘नवे मीटर पळते’ या तक्रारीचा एक भाग उलगडतो. कित्येक दुमजली घरांत आणि वाड्यांच्या वाटण्यांत न्यूट्रलची अशी सरमिसळ वर्षानुवर्षे झालेली असते. चकतीचे मीटर फक्त फेजकडे पाहत होते, म्हणून ती कधी बिलात उतरली नाही. मीटर बदलले आणि वायरिंगमधला जुना दोष पहिल्याच महिन्यात रुपयांत दिसू लागला. असे मीटर तपासणीला पाठवले तर ते एक टक्क्याच्या अचूकतेत उत्तीर्ण होऊन परत येते, कारण प्रयोगशाळेत शेजाऱ्याचा न्यूट्रल नसतो. मग ग्राहकाला वाटते की सगळे मिळून फसवत आहेत.

तपासणी घरच्या घरी करता येते. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याशेजारी एका युनिटला किती लुकलुक हे छापलेले असते, बऱ्याच मीटरवर 3200. घरातली सगळी उपकरणे बंद करावीत, फ्रिज आणि इन्व्हर्टरचेही प्लग काढावेत, मात्र मेन स्विच चालूच ठेवावा. दोन्ही तारा तोडणारा मेन स्विच बंद केला तर न्यूट्रलची वाटही बंद होईल आणि दोष लपून जाईल. आता शेजाऱ्याला हजार वॅटची इस्त्री लावायला सांगावी. आपला लाल दिवा शांत राहिला तर उत्तम. त्याच्या इस्त्रीबरोबर आपला दिवा लुकलुकू लागला, समजा मिनिटाला पंचवीस-सत्तावीस वेळा, तर त्याचा निम्मा प्रवाह आपल्या न्यूट्रलने परत जात आहे. तारा वेगळ्या करण्याचे काम मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

बाजारात याच भीतीवर एक धंदा चालतो. प्लगमध्ये खोचायची हिरव्या दिव्याची ‘वीजबचत’ डबी निम्मे बिल वाचवते असे सांगून विकली जाते. तिच्यात बहुतेक वेळा एक छोटा कपॅसिटर असतो. तो शक्तिगुणक (पॉवर फॅक्टर) थोडा सुधारेल, पण युनिटमध्ये मोजणारे घरगुती मीटर फक्त सक्रिय, म्हणजे प्रत्यक्ष खर्च झालेली ऊर्जा मोजते, त्यामुळे बिलात फरक पडत नाही. मीटरला चुंबक चिकटवण्याचा सल्ला तर त्याहून वाईट, कारण कित्येक मीटर चुंबकाचा सुगावा लागताच कमाल प्रवाह धरून युनिट मोजू लागतात आणि वेळेसकट नोंद ठेवतात.

वाद सुरू असताना वीज तोडली जाईल या धास्तीने लोक भांडत नाहीत. 2003 च्या वीज कायद्याच्या कलम 56 नुसार ग्राहक हरकत नोंदवून मागणीची रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीएवढी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती भरू शकतो आणि वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. दोष आपल्याच वायरिंगमध्ये सापडला तर मात्र पैसे परत मिळण्याची फारशी आशा नसते. आम्हाला मिळाले नाहीत.

खरे तर आमच्या घराने इशारा आधीच दिला होता. फेज आणि न्यूट्रलमधल्या फरकावरच चालणारा ईएलसीबी, म्हणजे गळती जाणवताच वीज तोडणारा सुरक्षा स्विच, त्या जोडणीनंतर दर अर्ध्या तासाने पडत होता, आणि त्याच वायरमनने ‘हा खराब झालाय’ म्हणून तो काढून आईच्या हातात दिला होता. जूनमध्ये दोन्ही न्यूट्रल वेगळे केल्यावर तोच ईएलसीबी फडताळातून काढून, धूळ पुसून पुन्हा बसवला. तेव्हापासून तो एकदाही पडलेला नाही.