खाचेत बसला, पण चालेल का?

ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटेलचे आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर बाजारात आले. पोटाखाली आधीच्या दोन पिढ्यांसारखेच १,१५१ संपर्कबिंदू, कडेच्या खाचाही त्याच जागी. जुन्या मदरबोर्डवर, म्हणजे सगळे पार्ट जोडले जातात त्या मुख्य बोर्डावर, नवा प्रोसेसर अलगद बसायचा, वरचा दांडा व्यवस्थित लागायचा, आणि बटण दाबल्यावर पडदा काळा तो काळाच. प्रोसेसरच्या आत हिशेब करणारे भाग, म्हणजे कोअर, चारच्या जागी सहा झाले होते, त्यांना वीज जास्त हवी होती. म्हणून आधी राखीव असलेल्या काही बिंदूंवरून वीज द्यायचं ठरलं आणि ३०० मालिकेचा नवा चिपसेट (बोर्डवरची नियंत्रक चिप) सक्तीचा झाला. पुढे काही हौशी मंडळींनी बायोसमध्ये, म्हणजे बोर्ड चालू करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, फेरफार करून जुन्या बोर्डांवरही हे प्रोसेसर चालवून दाखवले. तेव्हा या सक्तीत इलेक्ट्रॉनिक्स किती आणि विक्रीचं गणित किती, अशी शंका घ्यायला जागा आहे.

पार्ट खाचेत बसतो की नाही हे डोळ्यांना दिसतं. तिथून कोणती वीज वाहणार आणि बोर्डवरचं सॉफ्टवेअर त्या पार्टला ओळखणार का, हे दिसत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एकेक पार्ट आणून घरी पीसी असेंबल करणाऱ्यांचे पैसे बहुतेक वेळा इथेच अडकतात.

कमी बजेटमध्ये माझी पसंती इंटेलची स्पर्धक एएमडी हिच्या एएम४ सॉकेटला, म्हणजे प्रोसेसर बसायच्या जागेला. एकाच सॉकेटवर इतकी वर्षं इतक्या पिढ्या चालल्या, की नवा-जुना माल मुबलक मिळतो. उदाहरण म्हणून रायझन ५ ५६००जी घेऊ: सहा कोअर, आणि ग्राफिक्स आतच, म्हणजे वेगळ्या कार्डाचा खर्च वाचला. सोबत ए५२० किंवा बी४५० चिपसेटचा बोर्ड.

आता मेख अशी, की बी४५० आला २०१८ मध्ये आणि ५६००जी दुकानात आला २०२१ मध्ये. बोर्ड चालू होताना सगळी सूत्रं बायोसकडे असतात. प्रोसेसरला किती व्होल्ट द्यायचे, रॅमशी कोणत्या गतीने बोलायचं, हे त्या छोट्याशा चिपमध्ये लिहिलेलं असतं. दुकानात पडून राहिलेल्या बोर्डातलं बायोस जुनं असेल तर त्याला ५६००जी ठाऊकच नसतो. बायोस अपडेट करायला संगणक चालू व्हायला हवा, आणि तो चालू व्हायला बायोस अपडेट हवं! २०१८ मध्ये दुसऱ्या एका मालिकेच्या वेळी हाच घोळ झाला, तेव्हा एएमडीने अडकलेल्या ग्राहकांना एक जुना प्रोसेसर चक्क उसना पाठवायची सोय केली होती. हल्ली काही बोर्डांवर फ्लॅशबॅकचं बटण असतं. प्रोसेसर नसतानाही बोर्डवरची एक वेगळी चिप पेनड्राइव्हवरून नवं बायोस उतरवून घेते. तसं बटण नसेल तर बिल करण्याआधी दुकानदाराकडून बायोस अपडेट करून घ्यावं. बोर्ड कंपनीच्या साइटवर प्रत्येक मॉडेलची प्रोसेसर-यादी असते, आणि कोणत्या प्रोसेसरला बायोसची कोणती आवृत्ती लागते तेही तिथे दिलेलं असतं. ती यादी बघायला पाच मिनिटंही लागत नाहीत, तरी फार थोडे लोक बघतात.

रॅमच्या बाबतीत आकार तरी प्रामाणिक आहे. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या, दोन्हींना २८८ पिना, पण मधली खाच मुद्दाम सरकवलेली, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसत नाही. बसू नयेच. डीडीआर४ ला १.२ व्होल्ट लागतात आणि ते मदरबोर्ड तयार करून देतो. डीडीआर५ ला १.१ लागतात आणि ते सांभाळणारी चिप रॅमच्या पट्टीवरच असते. एएम४ म्हणजे डीडीआर४, विषय संपला. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटचे बोर्ड मात्र दोन्ही प्रकारचे निघाले आहेत. तिथे मॉडेलचं पूर्ण नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावं.

‘१६ जीबीची एकच पट्टी घ्या, दुसरी जागा पुढे वाढवायला राहील’ हा सल्ला सरसकट दिला जातो. ५६००जीसाठी तो वाईट आहे. डीडीआर४-३२०० च्या एका चॅनलमधून, म्हणजे रॅम ते प्रोसेसर या वाटेवरून, सेकंदाला ३२० कोटी वेळा ८ बाइट जातात, म्हणजे २५.६ जीबी. ८ जीबीच्या दोन पट्ट्या दोन चॅनलमध्ये लावल्या की तोच आकडा ५१.२ होतो. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी असते. आतल्या ग्राफिक्सला ती नसते, प्रोसेसरच्या वाट्यातलंच त्याला घ्यावं लागतं. पत्र टाइप करताना काही कळणार नाही. गेम खेळणाऱ्या मुलाला लगेच कळेल. बरं, पट्टीवर ३२०० छापलंय म्हणून ती त्या गतीने चालेलच असंही नाही. बऱ्याच पट्ट्या सुरुवातीला कमी गतीने चालतात आणि बायोसमध्ये एक्सएमपी ही जास्त गतीची सेटिंग चालू केल्यावरच छापील गती पकडतात.

पुढे ग्राफिक्स कार्ड लावायचा विचार असेल तर आणखी एक खोच. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण लांबीचं बसतं, पण आतून डेटाच्या फक्त चार वाटा, म्हणजे लेन, वापरतं. पीसीआयई हे कार्डाच्या स्लॉटचं मानक. त्याच्या ४.० आवृत्तीवर त्या चार लेन सेकंदाला सुमारे ८ जीबी वाहतात. ५६००जी मात्र पीसीआयई ३.० वरच थांबतो, तिथे निम्मंच. तेच कार्ड, पीसीआयई ४.० देणाऱ्या प्रोसेसरवर आणि बोर्डावर जास्त चांगलं. कार्ड घेणार हे आधीच ठरलं असेल तर ‘जी’ नसलेला साधा ५६०० बरा, मात्र बोर्डही पीसीआयई ४.० चा हवा; ए५२० आणि बी४५० ३.० वरच थांबतात. पण साध्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्ड येईपर्यंत मॉनिटरवर काहीच दिसणार नाही. इंटेलच्या नावामागच्या ‘एफ’चाही अर्थ तोच.

कॅबिनेटचं फार काही नाही. मायक्रो-एटीएक्स बोर्ड २४४ मिलिमीटर चौरस, तो बहुतेक कॅबिनेटमध्ये बसतो. पट्टीसारखी एम.२ एसएसडी डिस्क घेताना मात्र बोर्डाचा स्लॉट एनव्हीएमई (जलद) पद्धतीची डिस्क चालवतो की साटा (जुन्या) पद्धतीची की दोन्ही, एवढं बघावं.

एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मात्र कंजुषी नको. ५६००जीचा हा पीसी भरपूर काम करतानाही १५० वॉटच्या आतबाहेर असतो, तेव्हा चांगला ४५० वॉटचा पुरून उरतो. प्रश्न ‘चांगला’ या शब्दाचा आहे. डब्यावरचा मोठा आकडा सोडा, बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोघांचंही मुख्य खाद्य हेच १२ व्होल्ट. तिथे १७ अँपिअर असतील तर कामाचे वॉट झाले २०४, वर ४५० छापलेलं असलं तरी.

आणि केबल सुट्या निघणाऱ्या मॉड्युलर एसएमपीएसमध्ये सगळ्यात फसवी जागा आहे. केबलचं पार्टकडचं टोक प्रमाणित असतं, एसएमपीएसकडचं नसतं. एका मॉडेलची साटा केबल दुसऱ्यात बिनबोभाट बसते, पण पिनांचा क्रम वेगळा असला तर डिस्कच्या ५ व्होल्टच्या तारेत १२ व्होल्ट जातात आणि डिस्क डेटासकट जळू शकते. जुन्या एसएमपीएसच्या केबल जपून ठेवायच्याच असतील तर प्रत्येकीवर मॉडेलचं नाव लिहून चिठ्ठी चिकटवावी.