कोर्ट मार्शलमधली बडतर्फी डिस्चार्जमध्ये बदलून घेण्यासाठी अर्ज: कुणाकडे करायचा, कोणती कागदपत्रं लागतात

समरी कोर्ट मार्शलने (कमांडिंग ऑफिसर एकटाच चालवतो त्या झटपट लष्करी खटल्याने) जवानाला बडतर्फ, म्हणजे डिसमिस, केलं की त्याची आधीची सगळी नोकरी पेन्शनच्या हिशेबातून पुसली जाते. मग ती सहा वर्षांची असो की सतरा वर्षांची. सैन्याच्या 1961 च्या पेन्शन नियमावलीतला नियम 113 सांगतो की आर्मी ॲक्टखाली डिसमिस झालेल्याला मागच्या सेवेबद्दल पेन्शन किंवा ग्रॅच्युइटी मिळणार नाही. डिस्चार्ज झालेल्याची, म्हणजे नोकरीतून नुसतं मुक्त केलेल्याची, पात्रता मात्र कायम राहते. 2008 च्या नियमावलीतही हीच तरतूद पुढे चालू आहे. माजी सैनिकाचं ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतले उपचार, सगळं याच फरकावर येऊन थांबतं.

म्हणून अशा प्रकरणात अर्ज करताना 'मी निर्दोष आहे' एवढंच लिहून थांबू नका. चूक झाली असेल तरी शिक्षा जास्त झाली, असं म्हणण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. कित्येक घरांत ही दुसरी मागणी केलीच जात नाही आणि वर्षं निघून जातात.

आधी कागद नीट वाचा

'घरी पाठवलं' एवढ्या माहितीवर अर्ज लिहिता येत नाही. नोकरी कोणत्या कलमाखाली संपली ते आधी पाहायला हवं. आर्मी ॲक्ट 1950 च्या कलम 23 प्रमाणे जाणाऱ्या जवानाला कमांडिंग ऑफिसरने प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्यात सेवा कुणाच्या अधिकारात संपवली, कारण काय आणि एकूण नोकरी किती झाली, हे लिहिलेलं असतं. ते इंग्रजीत आणि जवानाच्या मातृभाषेत, अशा दोन्ही भाषांत द्यावं असं कायदा म्हणतो. मराठी प्रत मिळाली नसेल तर मागून घ्या.

प्रमाणपत्रावर सहसा तीनपैकी एक प्रकार दिसेल. पहिला, कोर्ट मार्शलची शिक्षा म्हणून डिसमिसल (कलम 71). दुसरा, खटला न चालवता कलम 20 खाली प्रशासकीय डिसमिसल. पळून गेलेला, म्हणजे डेझर्टर ठरवलेला जवान परतलाच नाही तर बहुधा हे कलम लावतात. तिसरा, आर्मी रूल 13 खाली डिस्चार्ज, कारण 'सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड', म्हणजे सेवेची गरज उरली नाही.

तिसऱ्या प्रकारातला माणूस डिसमिस झालेला नसतो, हे लक्षात ठेवा. त्याची पंधरा वर्षं भरली असतील तर पेन्शन देय आहे. भरली नसतील आणि केवळ चार रेड इंक एन्ट्री (शिक्षेचे लाल शाईतले शेरे) झाल्या म्हणून काढलं असेल, तर वीरेंद्रकुमार दुबे प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा 2015 चा निकाल वकिलाला दाखवा. चार लाल शेरे झाले म्हणजे आपोआप डिस्चार्ज होत नाही. आधी प्राथमिक चौकशी हवी, आणि किती वर्षं नोकरी झाली, कुठे खडतर ठिकाणी पोस्टिंग होतं, हेही पाहिलं पाहिजे, असं न्यायालयाने म्हटलं. पेन्शनपुरती सेवा पूर्ण होईपर्यंत तो जवान नोकरीतच होता असं धरण्याचा आदेशही दिला.

प्रशासकीय डिसमिसलमध्ये आर्मी रूल 17 महत्त्वाचा. कारण लेखी कळवून, उत्तर द्यायला पुरेसा वेळ द्यावा लागतो. नोटीस आली होती का, कोणत्या पत्त्यावर आली, उत्तर दिलं होतं का, याची उत्तरं अर्ज लिहिण्याआधी गोळा करा.

इथून पुढे मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल लिहितो, कारण माणूस सर्वांत जास्त हतबल होतो तो तिथेच.

समरी कोर्ट मार्शलमध्ये नेमकं काय घडतं

इथे कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय असतो. दोन अधिकारी किंवा जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) हजर असतात, पण ते शपथ घेत नाहीत आणि निकालात त्यांचं मत नसतं. शिक्षेला वरून मंजुरी लागत नाही (कलम 161), ती लगेच अमलात येते. सकाळी खटला आणि संध्याकाळी वर्दी उतरवून गेटबाहेर, असं होऊ शकतं. नंतर कागद डिव्हिजन किंवा ब्रिगेडच्या कमांडरकडे जातात आणि कलम 162 खाली तो गुणदोष पाहून निकाल रद्द करू शकतो किंवा शिक्षा कमी करू शकतो. जवानाला मात्र हे बहुतेकदा माहीतही नसतं.

बरेच खटले गुन्हा कबूल केल्यावर संपतात. 'हो म्हण, लवकर सुटशील' असं कुणीतरी सांगितलेलं असतं. आर्मी रूल 115 म्हणतो की कबुली नोंदवण्याआधी आरोप आणि कबुलीचे परिणाम आरोपीला समजावून सांगितले पाहिजेत, आणि पुराव्यावरून त्याने गुन्हा नाकारायला हवा असं दिसत असेल तर ती मागे घेण्याचा सल्ला दिला पाहिजे. प्रोसीडिंगमध्ये, म्हणजे खटल्याच्या कागदांत, ही नोंद आहे का, ते बारकाईने पाहा. अर्जाचा पाया पुष्कळदा इथेच सापडतो.

प्रोसीडिंगची प्रत मिळवणं ही पहिली कामगिरी. आर्मी रूल 147 खाली ती मागण्याचा हक्क आहे, पण कागद ठरावीक काळानंतर नष्ट करतात, त्यामुळे आज मागा. अर्ज युनिटकडे आणि रेकॉर्ड ऑफिसकडे, दोन्हीकडे स्पीड पोस्टाने, पोहोचपावतीसह पाठवा. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला आहे. महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला. उत्तर आलं नाही तर दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज करा. ती माहिती मिळायला कायद्याने तीस दिवसांची मुदत आहे. बीएसएफ, सीआरपीएफ या दलांना माहिती अधिकारातून सूट आहे, भूदलाला ती नाही.

दाद मागण्याचे मार्ग

कलम 164 ची याचिका. कोर्ट मार्शलच्या निकालाने किंवा शिक्षेने अन्याय झाला असं वाटणारा माणूस केंद्र सरकार, लष्करप्रमुख किंवा नियमाने ठरवलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे याचिका करू शकतो. कार्यवाही बेकायदा किंवा अन्याय्य वाटली तर कलम 165 खाली ती रद्द करण्याचा अधिकार केंद्र सरकार आणि लष्करप्रमुखांना आहे. इथे एक घोटाळा नेहमी होतो. गाव साताऱ्यात म्हणून याचिका पुण्याच्या सदर्न कमांडला पाठवली जाते, पण खटला चालला तेव्हा युनिट पंजाबात होतं. त्या वेळी युनिट ज्या फॉर्मेशनखाली (ब्रिगेड, डिव्हिजन) होतं, त्याच साखळीत अर्ज जायला हवा. शंका असेल तर लष्करप्रमुखांच्या नावे लिहा आणि प्रत त्या फॉर्मेशनला द्या.

कलम 179 ची दया. ही खरी माफीची तरतूद. इथे खटल्यातली चूक दाखवावी लागत नाही. शिक्षा पूर्ण किंवा अंशतः माफ करणं, सौम्य करणं, तिच्या जागी हलकी शिक्षा देणं, हे सगळं या कलमात बसतं. 164 आणि 179 या दोन्ही मागण्या एकाच अर्जात, पण वेगवेगळ्या परिच्छेदांत मांडाव्यात असं माझं ठाम मत आहे. पहिल्या भागात कायद्याच्या चुका आणि दुसऱ्या भागात माणूस.

मागणीची भाषा जपून लिहा. डिस्चार्ज ही कलम 71 च्या यादीतली शिक्षा नाही, त्यामुळे नुसतं 'डिसमिसलचं डिस्चार्ज करा' लिहिलं तर वरून तांत्रिक उत्तर येऊ शकतं. 'डिसमिसलची शिक्षा माफ करावी किंवा तिच्या जागी सौम्य शिक्षा द्यावी, आणि त्या तारखेला सेवा डिस्चार्जने संपली असं धरून देय लाभ द्यावेत' असं लिहिलेलं बरं. सशस्त्र दल न्यायाधिकरणाने या पद्धतीने डिसमिसल बदलल्याची उदाहरणं आहेत.

राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. राज्यघटनेच्या अनुच्छेद 72 मध्ये कोर्ट मार्शलची शिक्षा स्पष्ट शब्दांत आली आहे. राज्यपालांना कोर्ट मार्शलच्या शिक्षेत हा अधिकार नाही, तेव्हा त्यांच्याकडे अर्ज पाठवण्यात वेळ घालवू नका.

फक्त पेन्शनची मागणी. हा दरवाजा फार कमी जण ठोठावतात. नियम 113 मध्येच पुढे म्हटलं आहे की अपवादात्मक प्रकरणी राष्ट्रपतींच्या विवेकाधिकारात डिसमिस झालेल्यालाही पेन्शन किंवा ग्रॅच्युइटी देता येते. त्याच तारखेला डिस्चार्ज झाला असता तर जेवढी मिळाली असती, त्याहून जास्त मात्र नाही. म्हणजे डिसमिसल तसंच राहिलं तरी घराला आधार मिळू शकतो. पंधरा वर्षांहून जास्त नोकरी झालेल्याने ही मागणी केलीच पाहिजे. अर्ज रेकॉर्ड ऑफिसमार्फत करावा आणि प्रत संरक्षण मंत्रालयाला द्यावी.

सशस्त्र दल न्यायाधिकरण. 2007 च्या कायद्याने हे न्यायाधिकरण झालं. कलम 15 खाली कोर्ट मार्शलविरुद्ध अपील ऐकण्याचा अधिकार त्याला आहे आणि शिक्षा अति, बेकायदा किंवा अन्याय्य वाटली तर ती माफ, सौम्य किंवा कमी करण्याचाही. समरी कोर्ट मार्शलमधली डिसमिसलची शिक्षा त्याच्या कक्षेत येते. नोकरी संपलेला माणूस जिथे राहतो तिथल्या खंडपीठाकडे जाऊ शकतो. म्हणजे खटला जम्मूत झाला असला तरी महाराष्ट्रातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला मुंबई खंडपीठ चालतं.

न्यायाधिकरण साधारणपणे आधी खात्यातले उपाय संपवायला सांगतं. अर्ज देऊन सहा महिने झाले आणि उत्तरच नाही, तर उपाय संपले असं धरतात. सेवाविषयक अर्जासाठी अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत आहे. उत्तर आलंच नसेल, तर ते वाट पाहण्याचे सहा महिने संपल्यापासून पुढचे सहा महिने. उशीर झाला असेल तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते. मानसिक उपचार चालू होते, घरात मोठं आजारपण होतं, प्रोसीडिंगची प्रतच मिळाली नाही, अशा कारणांचा पुरावा जोडा. नुसतं 'माहिती नव्हती' पुरत नाही.

तिथेही अपयश आलं तर कायद्याच्या व्यापक महत्त्वाच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. उच्च न्यायालयाचा रिट अधिकारही शाबूत आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये परशोत्तम दास प्रकरणात स्पष्ट केलं.

न्यायालयं काय पाहतात

रणजित ठाकूर या सिग्नलमनने जेवण घेण्याचा हुकूम मानला नाही म्हणून त्याला एक वर्षाची सक्तमजुरी आणि डिसमिसल झालं होतं. त्याने ज्या कमांडिंग ऑफिसरविरुद्ध तक्रार केली होती, तोच खटल्यात बसला होता. सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये ही कारवाई रद्द केली आणि शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात असलीच पाहिजे, असं सांगितलं. नाईक सरदारसिंग सुट्टीवर जाताना परवानगीपेक्षा जास्त दारूच्या बाटल्यांसह सापडला. त्याला तीन महिने कैद आणि डिसमिसल झालं, तेही सर्वोच्च न्यायालयाला फार कठोर वाटलं. ही दोन प्रकरणं वकिलाला सांगा.

दुसरी बाजूही ठाऊक असावी. जुलै 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदनप्रसाद या आर्मी सर्व्हिस कोअरच्या ड्रायव्हरची बडतर्फी कायम ठेवली. सुट्टी संपूनही तो 108 दिवस हजर झाला नव्हता आणि आधीही अशाच चुका झाल्या होत्या. म्हणून आपल्या कंडक्ट शीटवरचे (वर्तणुकीच्या नोंदपत्रावरचे) जुने शेरे लपवू नका. ते समोरच्याकडे असतातच. प्रत्येक शेऱ्यामागची परिस्थिती स्वतःहून लिहिली तर विश्वास वाढतो.

अर्जात काय लिहायचं, काय जोडायचं

सुरुवातीला भरतीची तारीख, सेवेची एकूण वर्षं, फील्ड पोस्टिंग, पदकं, जखमा. मग घटना, तारखांसह, थोडक्यात. मग खटल्यातल्या चुका. मग घरची स्थिती. 'माझ्यावर अन्याय झाला' हे दहा वेळा लिहिण्यापेक्षा आईच्या ऑपरेशनची तारीख आणि सुट्टी संपल्याची तारीख शेजारी शेजारी लिहिली तर वाचणाऱ्याला लगेच कळतं. सुट्टी वाढवण्यासाठी तार, फोन किंवा व्हॉट्सॲप केला असेल तर त्याचा पुरावा सोन्यासारखा जपा.

जोडायचे कागद: कलम 23 चं प्रमाणपत्र आणि डिस्चार्ज बुक, चार्जशीट, समरी ऑफ एव्हिडन्स (खटल्याआधी नोंदवलेल्या साक्षी), प्रोसीडिंग आणि शिक्षेचा आदेश, कंडक्ट शीट, पदकांची नोंद. दवाखान्याचे कागद, विशेषतः मानसोपचाराचे. युनिटमध्ये असताना लष्करी रुग्णालयात दाखल झाला असाल तर तिथलं डिस्चार्ज कार्डही. त्यानंतर रेशन कार्ड, उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला, मुलांच्या शाळेचे दाखले, घरात अपंग कुणी असेल तर प्रमाणपत्र, आणि बडतर्फीनंतर गुन्हा नोंद नसल्याचा पोलीस दाखला. सोबत काम केलेल्या निवृत्त जेसीओचं पत्र मिळालं तर ते सरपंचाच्या दाखल्यापेक्षा जास्त वजनदार ठरतं. प्रत्येक कागदाची साक्षांकित प्रत द्या, मूळ कागद हातचे सोडू नका.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नाखालच्या लोकांना तिथे मोफत वकील मिळतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून सवलती मिळणार नाहीत, पण रेकॉर्ड ऑफिसचा नेमका पत्ता आणि पत्राचा नमुना विचारायला संकोच करू नका. 'दिल्लीत ओळख आहे' म्हणत पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा. या अर्जांना लागतो तो पोस्टाचा खर्च आणि वेळ.

जवान आता हयात नसेल तरी विषय संपत नाही. न्यायाधिकरणाचा कायदा निवृत्त सैनिकांच्या अवलंबितांना आणि वारसांनाही सेवाविषयक बाबींत लागू आहे. त्यामुळे पत्नी स्वतःच्या नावाने पेन्शनच्या विवेकाधिकाराची मागणी आणि पुढे मुंबई खंडपीठात अर्ज करू शकते. त्यासाठी मृत्यूचा दाखला, लग्नाची नोंद आणि वारस दाखला वरच्या कागदांना जोडावा.