'मऊ'चा दूरचा आप्त

तव्यावर लोणी टाकलं, कडा सुटल्या, मधला गोळा ढासळला. डच माणूस यासाठी 'स्मेल्टन' हे क्रियापद वापरतो. कालचं लोणी 'स्मोल्ट', वितळून गेलेलं 'खस्मोल्टन'. हा शब्द आपल्या 'मऊ'च्या घराण्यातला आहे, आणि मला तरी यासारखी सुंदर गोष्ट भाषाशास्त्रात फार थोडी दिसते.

दोघांच्या मुळाशी भाषाशास्त्रज्ञ एक प्राचीन धातू मांडतात, साधारण 'मेल्द' असा. अर्थ, मऊ होणे. त्यातल्या 'ल'चा संस्कृतात ऋ झाला आणि 'मृदु' शब्द आला. लॅटिनमध्ये 'मोलिस' म्हणजे मऊ, ग्रीकमध्ये 'मेल्दो' म्हणजे मी वितळवतो. वितळणं म्हणजे आधी मऊ पडणं, हे निरीक्षण शब्दातच साठून राहिलं आहे.

मग डचमध्ये सुरुवातीचा 'स' कुठून आला? संस्कृत, ग्रीक, लॅटिन, डच या सगळ्या ज्यात येतात त्या इंडो-युरोपीय भाषाकुळात काही धातूंच्या पुढे 'स' कधी असतो, कधी नसतो. संस्कृतात 'पश्यति' म्हणजे पाहतो, पण पाहणारा हेर मात्र 'स्पश'. आपली 'तारा' डचमध्ये 'स्टेर' आहे. इंग्रजीत तर दोन्ही रूपं नांदतात. बर्फ 'मेल्ट' होतो, खनिजातून धातू काढणं ते 'स्मेल्ट'. हे दुसरं रूप डच आणि उत्तर जर्मनीतल्या बोलींकडून आलेलं आहे.

याच घरातला डच शब्द 'स्माउट', डुकराची वितळवून काढलेली चरबी. जर्मनमध्ये ती 'श्माल्त्स'. डचमध्ये ट किंवा ड पुढे असला की जुना 'आल्' बऱ्याचदा 'आउ' होतो. मीठ जर्मनमध्ये 'झाल्त्स', डचमध्ये 'झाउट'. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात जत्रेत पिठाचे गोळे तळून विकतात, त्यांना 'स्माउटबोलन' म्हणतात. नाव या चरबीवरूनच पडलं.

आता त्या 'द'कडे बघा. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडलेल्या नियमानुसार जुना 'द' जर्मानिक भाषांत, म्हणजे डच, इंग्रजी, जर्मन यांच्या गटात, 'ट' होतो. आपला 'दंत' डचमध्ये 'टांट', 'दश' तिथे 'टीन'. म्हणून 'मेल्द'चा 'स्मेल्ट'. जर्मनमध्ये तो आणखी पुढे सरकून 'श्मेल्त्सन' झाला. आपल्याकडे 'मृदु' प्राकृतात 'मउ' झाला, दोन स्वरांमधला 'द' गळून पडला. डच जिभेवर कडक झालेला तो 'द' मराठीत पुरता विरघळला.