गुलाम मालकाचा, कोलोनस मातीचा

रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळाबद्दल वाचताना ‘सर्व्हस’ आणि ‘कोलोनस’ हे दोन शब्द सारखे एकमेकांच्या पायात येतात. दोघेही शेतात राबणारे, दोघेही पळाले तर धरून आणले जाणारे. म्हणून दोघांनाही सरसकट गुलाम म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो.

सर्व्हस म्हणजे खरोखरच गुलाम. तो विकता येई, वारशात वाटता येई. त्याच्या लग्नाला कायदा लग्न मानत नसे. मात्र मालकाच्या मनात आलं तर तो सुटेही. मेलानिया नावाच्या अतिश्रीमंत रोमन बाईने संसार सोडताना ८,००० गुलाम मुक्त केले, असं पॅलेडियस या त्या काळच्या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलंय. आकडा फुगवलेला असेलही.

कोलोनस मुळात कूळ. स्वतंत्र माणूस, दुसऱ्याची जमीन कसायची, खंड भरायचा. (आपल्याकडे कायद्याने कुळाला आधार दिला, तिथे त्याच कायद्याने त्याला जखडलं.) त्याला अडकवलं ते करवसुलीने. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस सम्राट डायोक्लेशियनने माणसं आणि जमीन मोजून कर बसवला. आता नोंदलेला माणूसच गाव सोडून गेला तर वसुली कोणाकडून? ३३२ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने फर्मान काढलं: दुसऱ्याचा कोलोनस ज्याच्याकडे सापडेल त्याने तो परत धाडावा, शिवाय तेवढ्या काळाचा डोईकर भरावा. पळायच्या बेतात असलेल्याला गुलामासारख्या बेड्या घालाव्यात. त्या ‘सारख्या’तच तो गुलाम नसल्याची कबुली आहे.

त्याचं लग्न कायदेशीर होतं. जमीन विकली की तोही नव्या मालकाकडे जाई, पण त्याला जमिनीपासून तोडून विकता येत नसे. थ्रेस प्रांतासाठीच्या सम्राट थिओडोसियसच्या कायद्यात हे फार नेमकं आलंय: हे लोक दिसायला स्वतंत्र, पण ज्या मातीत जन्मले त्या मातीचे गुलाम. अर्थात साम्राज्यातलं प्रत्येक कूळ असं बांधलेलं नव्हतं.

गुंता वाढला तो पुढे. करवहीत नोंदलेले शेतगुलामही जमिनीवेगळे विकायला चौथ्या शतकातच बंदी आली, म्हणजे गुलाम कोलोनसच्या जवळ सरकला. ५३० साली खुद्द सम्राट जस्टिनियनच्या कायद्यात वैतागल्यासारखा प्रश्न येतो: दोघेही मालकाच्याच ताब्यात, मग फरक तो काय? गुलामाला मालक त्याच्या गाठीच्या पैशासकट मुक्त करू शकतो, नोंदणीकृत कोलोनसला जमिनीसकट दुसऱ्याला देऊ शकतो. माझ्या मते यातली खोच अशी की मालकाच्या एका शब्दावर सुटायची वाट गुलामाला होती, कोलोनसला ती उरली नव्हती.

नवव्या शतकात पॅरिसजवळच्या सेंट-जर्मेन-दे-प्रे मठाने आपल्या जमिनींची वही केली, तेव्हाही दोन्ही शब्द जिवंत होते. पण तोवर जमिनीच्या वाट्यांनाही दर्जा चिकटला होता: हा स्वतंत्राचा, तो गुलामाचा. गुलाम-वाट्यावर कोलोनस राहत असेल, तर वेठ त्या वाट्याची करावी लागे.