आयएसओ कमी करून नॉइज जात नाही

रात्रीचे फोटो काढायला शिकणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे आयएसओ (कॅमेरा मिळालेला सिग्नल किती वाढवतो तो आकडा) कमी ठेव, नाहीतर फोटोत नॉइज, म्हणजे दाणे, येईल. हा सल्ला इतकी वर्षं फिरतोय की तो तपासून बघायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही. आणि आकाशाच्या फोटोंच्या बाबतीत तर तो चक्क उलटा पडतो. लोक नॉइजच्या भीतीने आयएसओ ४०० वर आकाशगंगा काढायला जातात, काळाकुट्ट फोटो येतो, घरी येऊन तो कॉम्प्युटरवर उजळतात आणि तो आधीपेक्षा दाणेदार दिसायला लागतो, मग दोष कॅमेऱ्याला.

हे तपासायला गडावर जायची गरज नाही, घरच्या खोलीत होतं. रात्री एकच छोटा दिवा लावा, कॅमेरा ट्रायपॉडवर, मॅन्युअल मोड, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ४, शटर १/३० सेकंद. एक फोटो आयएसओ ६४०० ला, दुसरा ४०० ला, बाकी कशालाही हात लावायचा नाही. आता ४०० वाला सॉफ्टवेअरमधे चार स्टॉप उजळा (४०० चे ८००, १६००, ३२००, ६४००, अशा चार पायऱ्या) आणि दोन्ही शेजारी ठेवून कपाटामागच्या सावलीत झूम करून बघा. बऱ्याच कॅमेऱ्यांत ४०० वाला जास्त खराब दिसतो, नव्या सेन्सरमधे (प्रकाश टिपणाऱ्या चिपमधे) दोन्ही जवळपास सारखे दिसतात. ६४०० वाला जास्त खराब निघाला असं सहसा होत नाही. म्हणजे नॉइज आयएसओमुळे येत नव्हता.

मग येतो कुठून? तर बराचसा प्रकाशातूनच येतो, आणि मला या विषयात सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट हीच आहे. प्रकाश सुट्या सुट्या कणांनी येतो, फोटॉन, हे शाळेत वाचलेलं असतं, आइन्स्टाइनचा १९०५ चा पेपर वगैरे. पण ते कण ठरावीक अंतराने रांगेत येत नाहीत, कसेही येतात. पहिल्या पावसाचे थेंब अंगणातल्या फरशांवर पडताना बघा, पाऊस सगळीकडे सारखाच आहे, पण एका फरशीवर ९ थेंब, शेजारच्या फरशीवर १३, तिच्या पलीकडे ७. सेन्सरवरचे पिक्सेल या फरशांसारखेच. आकाशाचा एक तुकडा अगदी एकसारखा उजळ असला तरी शेजारशेजारच्या पिक्सेलना वेगवेगळे फोटॉन मिळतात आणि फोटोत तेच दाणे म्हणून दिसतं. याला शॉट नॉइज म्हणतात.

याचं गणित फार सोपं आहे. सरासरी १०० फोटॉन येणार असतील तर इकडेतिकडे होणारा फरक साधारण १००चं वर्गमूळ, म्हणजे १०. झाला १० टक्के. १०,००० आले तर फरक १००, म्हणजे फक्त १ टक्का. फोटॉन शंभर पट केले की फोटो दहा पट स्वच्छ. दिवसा फोटो गुळगुळीत येतात ते याचमुळे, प्रकाश तेव्हाही दाणेदारच असतो, फक्त कण इतके असतात की फरक जाणवत नाही. कितीही महागडा कॅमेरा घेतला तरी हा नॉइज त्याला टळत नाही, कारण तो कॅमेऱ्याचा नाहीच.

कॅमेऱ्याचा स्वतःचा नॉइज वेगळा. पिक्सेलमधे फोटॉन पडला की इलेक्ट्रॉन सुटतो, ते इलेक्ट्रॉन जमतात, मग तो सिग्नल ॲम्प्लिफाय होतो आणि त्याचा आकडा बनतो, आणि या मोजणीतच थोडी चूक होते, तिला रीड नॉइज म्हणतात. आयएसओ वाढवणं म्हणजे मोजणीच्या आधी सिग्नल मोठा करणं, त्यामुळे ॲम्प्लिफायरच्या पुढे जी गडबड होते ती त्याच्या तुलनेत लहान ठरते. उदाहरणासाठी धरून चला की अंधाऱ्या आकाशातून एका पिक्सेलमधे २५ इलेक्ट्रॉन जमले. शॉट नॉइज ५. कमी आयएसओवर रीड नॉइज ८ असेल आणि जास्त आयएसओवर ३. आता हे सरळ बेरजेने जोडत नाहीत, दोघांचे वर्ग करून बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं. कमी आयएसओवर २५ अधिक ६४, वर्गमूळ साधारण ९.४. जास्त आयएसओवर २५ अधिक ९, साधारण ५.८. सिग्नल दोन्हीकडे तेवढाच, २५. म्हणजे एकीकडे सिग्नल नॉइजच्या २.७ पट, दुसरीकडे ४.३ पट. नव्या सेन्सरमधे मुळात रीड नॉइज कमी असतो म्हणून त्यांच्यात हा फरक फारसा दिसत नाही.

अर्थात आयएसओ हवा तेवढा वाढवावा असंही नाही, जास्त आयएसओवर उजळ गोष्टी लवकर पांढऱ्या फटक होतात, गावातला एक स्ट्रीटलाइट फ्रेममधे आला की तो जळतोच, ताऱ्यांचे रंगही उडतात. आकाशासाठी १६०० ते ६४०० मधे कुठेतरी आपापल्या कॅमेऱ्याचा बरा आकडा असतो, तो वरच्या प्रयोगातून शोधायचा.

खरा प्रश्न फोटॉन वाढवायचे कसे हा आहे. ॲपर्चर मोठं करा (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं), कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सच्या एफ ३.५ वरून साध्या ५० मिमी एफ १.८ वर गेलात की सेन्सरच्या त्याच जागेवर पावणेचार पट प्रकाश पडतो. शटर जास्त वेळ उघडं ठेवा, पण इथे पृथ्वी आडवी येते. ती २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी मारते, म्हणजे आकाश दर सेकंदाला १५ विकला (एका अंशाच्या ३६०० विकला) सरकतं. २४ मिमी लेन्स आणि २४ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम सेन्सर घेतला तर एक पिक्सेल साधारण ५२ विकलांचा, म्हणजे मृगाच्या पट्ट्यातला तारा साडेतीन सेकंदात एक पिक्सेल ओलांडतो. तारे सरकलेले दिसू नयेत म्हणून शटर किती वेळ उघडं ठेवायचं यासाठी लोक ५०० चा नियम सांगतात, ५०० भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (इथे २४ मिमी), म्हणजे साधारण २० सेकंद. तेवढ्यात तारा सहा पिक्सेल सरकलेला असतो. मोबाइलवर बघायला चालतं, मोठ्या प्रिंटमधे ताऱ्याची रेघ दिसते. ध्रुवताऱ्याकडे तोंड केलं तर जास्त वेळ मिळतो, कारण तिथले तारे छोट्या वर्तुळात फिरतात.

म्हणून स्टॅकिंग. दहा सेकंदांचे १६ फोटो काढा, सॉफ्टवेअरला तारे एकमेकांवर जुळवून सरासरी घ्यायला सांगा. सगळ्यांच्या बेरजेत सिग्नल १६ पट, नॉइज फक्त ४ पट, म्हणजे फोटो चौपट स्वच्छ. सिक्वेटर, सिरिल ही सॉफ्टवेअर्स फुकट आहेत, सिक्वेटरमधे खालचा डोंगर वेगळा धरता येतो म्हणजे तो सरकत नाही. मोबाइलचा नाइट मोड हेच करतो. गूगलने २०१९ मधे पिक्सेल ४ ला तारे काढायचा जो मोड दिला तो जास्तीत जास्त १६ सेकंदांचे १५ फोटो जोडतो. जाहिरातीत याला एआयची जादू म्हणतात, पण मुख्य काम सरासरीचंच आहे आणि ते शंभर टक्के समजण्यासारखं आहे.

मग शहरातून स्टॅकिंग करून आकाशगंगा का काढू नये? कारण शहराच्या उजेडाचाही शॉट नॉइज असतो. समजा आकाशगंगेचे एका पिक्सेलमधे २० फोटॉन येतात. अंधाऱ्या जागी आकाशाचे ३० धरा, एकूण ५०, नॉइज ७, तर २० स्पष्ट उठून दिसतात. पुण्यात गच्चीवरून आकाशाच्या उजेडाचेच २००० आले तर नॉइज ४५, त्यात २० कुठे शोधणार? उजेड सॉफ्टवेअरने वजा करता येतो, त्याचा नॉइज वजा होत नाही. नाणेघाट किंवा भंडारदऱ्याकडे गाडी काढून जावं लागतं ते याच्यासाठी, आणि तिथेही उजेडाची बाजू टाळावी लागते, नाणेघाटातून पश्चिमेला बघितलं की कल्याण-मुंबईचा उजेड आहेच. एप्रिल-मेची अमावस्या बघून जा, मध्यरात्रीनंतर वृश्चिक आणि धनु चांगले वर आलेले असतात, आकाशगंगेचा सगळ्यात उजळ भाग त्यांच्याच बाजूला आहे. जूनपासून ढग.

फोकस ऑटोवर सोडू नका. लाइव्ह व्ह्यूमधे ज्येष्ठा तारा धरा, स्क्रीनवर दहा पट झूम करा आणि रिंग केसभर फिरवत रहा, तांबूस गोळा लहान होत जातो, एका जागी टाचणीच्या टोकाएवढा होतो आणि पुढे गेलं की परत पसरतो. त्या टोकावर थांबायचं आणि रिंगला चिकटपट्टी लावायची.

रात्री जुन्या वाड्यात किंवा गडावर काढलेल्या फोटोत पांढरे गोल आले की आत्म्याच्या गोष्टी सुरू होतात, त्याबद्दल इथे सांगतोच. तो लेन्सच्या अगदी जवळचा धुळीचा कण किंवा पाण्याचा थेंब असतो, फ्लॅशने उजळलेला आणि फोकसबाहेर गेल्यामुळे गोल पसरलेला. फ्लॅश बंद करून त्याच जागी परत फोटो घ्या, गोल गायब. लहान मुलांना अशा फोटोंनी घाबरवणाऱ्यांनी आधी हा एक प्रयोग करावा, दोन मिनिटं लागतात.

शेवटी उकाडा. सेन्सर तापला की प्रकाश नसतानाही पिक्सेलमधे इलेक्ट्रॉन सुटतात, आणि तापमान साधारण ६ ते ८ अंश वाढलं की त्यांचं प्रमाण दुप्पट होतं. त्यातून येणारे लाल-निळे ठिपके दर फोटोत त्याच जागी असतात, त्यामुळे ते वजा करता येतात. आकाशाचे फोटो झाले की लेन्सला टोपण लावून त्याच आयएसओला, त्याच शटरला आठ-दहा फोटो घ्या, त्यांना डार्क फ्रेम म्हणतात. ते तिथेच, त्याच उकाड्यात घ्यायचे, दुसऱ्या दिवशी घरी पंख्याखाली काढलेले चालत नाहीत, कारण तापमान बदललं की ठिपक्यांचा उजळपणाही बदलतो.