जुनी सेमी-ऑटो शिकारी बंदूक संग्रहासाठी घेताना

जुनी सेमी-ऑटोमॅटिक छर्ऱ्याची बंदूक घ्यायचा विचार असेल, तर व्यवहार ठरवण्याआधी हे पत्रक वाचा. आमच्याकडे तपासणीला येणाऱ्या अशा बंदुकांत बाहेरून देखण्या आणि आतून थकलेल्या बऱ्याच असतात. विकणारा ब्लूइंगची (पोलादावरच्या निळसर-काळ्या थराची) झळाळी आणि दस्त्याचे लाकूड दाखवतो. तुम्ही नळीखालचे पुढचे लाकूड काढून दाखवायला सांगा. तो काढू देत नसेल, तर व्यवहार नको. परवाना आणि मालकीचे कागद ही त्याच्याही आधीची पायरी. बंदूक नुसती भिंतीवर टांगायची आहे म्हणून परवाना लागणार नाही, असे गृहीत धरू नका.

पहिली बंदूक कोणती?

आमचे मत विचाराल तर ब्राउनिंग ऑटो-5, नाहीतर तिचीच सख्खी बहीण रेमिंग्टन मॉडेल 11. रिसीव्हरची, म्हणजे यंत्रणा सामावणाऱ्या मधल्या धातूच्या पेटीची, पाठ मागे एकदम काटकोनात उतरते, त्यामुळे ही जात लांबूनच ओळखू येते. अमेरिकी बंदूक-रचनाकार जॉन ब्राउनिंगने ही रचना आधी विंचेस्टर कंपनीला दाखवली. प्रत्येक बंदुकीमागे हिस्सा हवा, ही त्याची अट तिथे मान्य झाली नाही. मग तो रेमिंग्टनकडे गेला, तर 1902 च्या जानेवारीत तिथले प्रमुख मार्सेलस हार्टली अचानक वारले. शेवटी बेल्जियमच्या एफएन कारखान्याने ती बनवायला घेतली. रेमिंग्टनने परवाना घेऊन 1905 पासून स्वतःची आवृत्ती काढली. दुसऱ्या महायुद्धात बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर ब्राउनिंग नावाच्या बंदुकाही काही वर्षे रेमिंग्टननेच बनवल्या. या अमेरिकी ब्राउनिंगच्या रिसीव्हरवर डाव्या बाजूला मॅगझीन (जादा काडतुसे भरण्याची, मुख्य नळीखालची नळी) बंद करण्याची छोटी कळ असते, ती मॉडेल 11 वर नसते. 1970 च्या दशकाच्या मध्यापासून उत्पादन जपानच्या मिरोकूकडे गेले. संग्राहक बेल्जियमची मागतात, पण जपानी बंदूक कारागिरीत कमी नाही.

हिची चाल समजून घ्या, कारण निम्मे दोष तिथूनच कळतात. बार उडाला की नळी आणि बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता तुकडा) एकमेकांना धरून पूर्ण मागे जातात. बोल्ट मागे अडकून राहतो, नळी एकटी पुढे येते आणि रिकामे काडतूस बाहेर पडते. मग बोल्ट नवे काडतूस घेऊन पुढे येतो. एवढी जड नळी मागे येताना तिला आवरायचे काम मॅगझीनच्या नळीवरची स्प्रिंग, पितळी घर्षण-कडे आणि एक पोलादी रिंग मिळून करतात. भारी काडतुसांसाठी पोलादी रिंग स्प्रिंगच्या पुढे, तिची उतरती बाजू पितळी कड्याकडे. हलक्या काडतुसांसाठी तीच रिंग स्प्रिंगच्या मागे, रिसीव्हरला टेकून. हलक्याच्या मांडणीत कोणी वर्षानुवर्षे भारी काडतुसे उडवली असतील, तर पुढच्या लाकडाला चीर गेलेली असते आणि रिसीव्हरमध्ये मागे बसवलेली फायबरची गादी चिरडलेली असते. गादी बदलणे सोपे. मूळ लाकूड मिळणे अवघड.

मॅगझीनच्या नळीवर तेल थापू नका. पुसून घ्यावे आणि तेलाचा नुसता हात फिरवावा. घर्षणच गेले, तर नळीला आवरणार काय? दुसरी एक स्प्रिंग दस्त्याच्या आत असते. तिच्याकडे कोणी पाहत नाही. बोल्ट आळसावल्यासारखा पुढे येत असेल, तर आधी तिथला चिकट मळ आणि गंज तपासायला सांगा.

सोळा बोअरवाल्यांनी थांबा

जुन्या 16 बोअर (बोअर म्हणजे नळीच्या व्यासाचे माप) बंदुकांचे चेंबर, म्हणजे काडतूस बसते तो नळीचा मागचा भाग, बऱ्याचदा 65 मिलिमीटरचे असते, आजचे काडतूस 70 चे. यातला फसवा भाग असा की 70 चे काडतूस त्या चेंबरमध्ये आरामात बसते. काडतुसावरचा आकडा उडाल्यानंतरच्या, म्हणजे तोंड उघडल्यावरच्या लांबीचा असतो. उडताना ते तोंड चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात उघडते, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. चेंबर मोजून घ्या, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. आधीच कोणी ते वाढवून घेतले असेल, तर बंदूक वापरायला ठीक. संग्रहातली किंमत मात्र उतरते.

जुन्या नळ्यांत पोलादी छर्रेही घालू नयेत, विशेषतः फुल चोकच्या, म्हणजे तोंडाशी सर्वांत आवळलेल्या नळ्यांत. त्या शिशाच्या छर्ऱ्यांसाठी बनल्या होत्या.

विंचेस्टर 1911

ब्राउनिंगला नाही म्हटल्यावर विंचेस्टरला त्याच्याच पेटंटमधून वाट काढावी लागली. त्यांचा रचनाकार टी. सी. जॉन्सन याने बोल्टचे हँडलच वगळले. नळीचा एक भाग खरबरीत करून, नळीच हाताने मागे ओढायची सोय केली. त्या काळची काडतुसे कागदी. ओलीने फुगून ती चेंबरमध्ये अडकत. मग माणसे दस्ता जमिनीवर टेकवून नळी खाली दाबत आणि तोंड नेमके नळीसमोर येई. तिला ‘विधवा करणारी’ असे नाव पडले ते यातूनच. संग्रहात ती जरूर असावी, गोष्टच तशी आहे. पण ती उडवायला तयार करून द्या असे सांगितलेत, तर आम्ही नाही म्हणू.

बार उडाल्यावरच्या वायूच्या दाबावर चालणाऱ्यांमध्ये रेमिंग्टन 1100, सन 1963, ही सोयीची सुरुवात. काडतूस नीट बाहेर पडत नसेल, तर मॅगझीनच्या नळीवरची रबरी रिंग आधी पाहा. बहुतेक वेळा तीच चिरलेली असते.

शिक्के आणि खाणाखुणा

बेल्जियमच्या ब्राउनिंगचा चोक नळीवरच्या ताऱ्यांवरून कळतो: एक तारा फुल, दोन मॉडिफाइड (मध्यम आवळ), तीन सिलिंडर (आवळ नाही), आणि मधल्या प्रकारांना ताऱ्यापुढे आडवी रेघ. रेमिंग्टनच्या नळीवर 1921 पासून महिना आणि वर्ष सांगणारी अक्षरे आहेत. महिन्यांसाठी इंग्रजीतले ‘ब्लॅक पावडर एक्स’ हे शब्द एकेक अक्षराने वाचायचे: बी जानेवारी, एल फेब्रुवारी, शेवटचा एक्स डिसेंबर. ही तारीख नळीची, बंदुकीची नव्हे. या बंदुकांच्या नळ्या सहज बदलता येतात, म्हणून नंतर बसवलेली नळी पुष्कळदा सापडते.

नव्याने ब्लूइंग केलेली बंदूक ओळखायला अक्षरांच्या कडा पाहा. घासून झिजलेली अक्षरे, गोल झालेले कोपरे, स्क्रूभोवती खोलगट झालेला पत्रा, या खुणा पुरेशा आहेत. आम्हाला विचाराल तर हाताळून फिकट झालेली, पण कोणी हात न लावलेली बंदूक अशा चकचकीत बंदुकीपेक्षा कधीही बरी. नळीचे तोंड कापून नंतर बसवलेला फिरवता चोक असेल, तर ती संग्राहकाची वस्तू उरली नाही.

1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या काही ब्राउनिंग बंदुकांना मिठाने सुकवलेले अक्रोडाचे लाकूड लागले आहे. ते ओल धरते आणि आतून लोखंड खाते. दस्त्याच्या मागच्या पट्टीचा स्क्रू काढून पाहा. तो गंजलेला निघाला, तर दस्ता उतरवून आत बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

घरी ठेवताना बंदूक कातडी म्यानात ठेवू नका. कुलूपबंद कपाटात नळीचे तोंड खाली करून उभी केली, तर तेल दस्त्यात झिरपून लाकूड मऊ पडत नाही. तपासणीला आणताना बंदूक रिकामी, परवाना सोबत, आणि जुने मॅन्युअल, मूळ खोका किंवा काढून ठेवलेली कडी-रिंगा असतील तर त्याही आणा. मॅगझीनमध्ये लाकडी दांडी सापडली तर फेकू नका. अमेरिकेत 1935 पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसे चालत नाहीत. ती दांडी त्यासाठीच असते.